लुईझियाना

लुईझियाना हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील एक राज्य आहे. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर वसलेल्या या राज्याच्या पश्चिमेस टेक्सास, उत्तरेस आर्कान्सा, पूर्वेस मिसिसिपी ही राज्ये व दक्षिणेस मेक्सिकोचे आखात आहे. बॅटन रूज ही लुईझियानाची राजधानी असून न्यू ऑर्लिन्स हे सर्वात मोठे शहर आहे. सुमारे १,३५,६०० चौ. किमी क्षेत्रफळ असलेले लुईझियाना आकाराने देशातील ३१वे, तर २०२०च्या जनगणनेनुसार ४६,५७,७५७ लोकसंख्येसह २५वे राज्य ठरले. ३० एप्रिल १८१२ रोजी ते १८वे राज्य म्हणून संघराज्यात सामील झाले.

राज्याचा दक्षिण भाग मिसिसिपी नदीने गेल्या सुमारे सात हजार वर्षांत वाहून आणलेल्या गाळातून तयार झाला आहे. नदीवरील जहाजवाहतूक, किनाऱ्यालगतचे खनिज तेल व नैसर्गिक वायू आणि पाणथळ प्रदेशातील मासेमारी हे राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रमुख आधार आहेत. मात्र नदीला बांध घालून व दलदलीत कालवे खोदून उभारलेल्या याच व्यवस्थेमुळे किनाऱ्याला मिळणारा गाळ तुटला आहे. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनारपट्टीवरील सुमारे ४,८३३ चौ. किमी जमीन पाण्याखाली गेली. १९३२ साली अस्तित्वात असलेल्या किनारी भूभागाचा हा जवळपास एक चतुर्थांश हिस्सा होता.

नावाची व्युत्पत्ती

फ्रेंच शोधक ला साल हा १६८२ साली मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर तिच्या मुखापर्यंत पोहोचला. नदीच्या संपूर्ण खोऱ्यावर फ्रान्सचा हक्क सांगून त्याने राजा चौदावा लुई याच्या सन्मानार्थ या प्रदेशास 'ला लुईझियान' असे नाव दिले. तेव्हाचा लुईझियाना प्रदेश आजच्या राज्याच्या कितीतरी पट मोठा होता. आजचे राज्य हा त्याचा दक्षिणेकडील एक लहान भाग आहे.

भूगोल

लुईझियाना हे अत्यंत सखल राज्य आहे. उत्तरेकडील ड्रिस्किल माउंटन हे सर्वोच्च ठिकाण समुद्रसपाटीपासून केवळ १६३ मीटर उंच आहे, तर न्यू ऑर्लिन्स शहराचा काही भाग समुद्रसपाटीपेक्षाही सुमारे अडीच मीटर खाली आहे. राज्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे १५ टक्के भाग नद्या, सरोवरे व खाड्यांनी व्यापला आहे.

उत्तर व मध्य भागात पाइन वृक्षांची जंगले असलेल्या कमी उंचीच्या टेकड्या आहेत. नैऋत्येस गवताळ मैदाने असून तेथे भाताची शेती होते. मिसिसिपी व तिच्या शाखांच्या काठी सुपीक पूरमैदाने आहेत. दक्षिणेकडे जमीन हळूहळू सायप्रस वृक्षांच्या दलदलीत, तेथून गवताळ पाणथळ प्रदेशात व अखेर वाळूच्या अरुंद बेटांमध्ये विरून जाते. दलदलीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहांना येथे 'बायू' म्हणतात. हा शब्द स्थानिक चोक्टॉ भाषेतून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्लिशमध्ये आला. किनारपट्टीची सरळ लांबी सुमारे ६४० किमी आहे. परंतु खाड्या, बेटे व नदीमुखे यांचे काठ धरल्यास ती १२,००० किमीपेक्षा अधिक भरते.

मिसिसिपी ही राज्यातील प्रमुख नदी होय. अमेरिकेच्या मुख्य भूमीपैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रातील पाणी या नदीतून लुईझियानामार्गे समुद्रास मिळते. रेड, अचाफलाया, वाशिटा, सबीन व पर्ल या इतर महत्त्वाच्या नद्या आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेस असलेले पॉन्चरट्रेन सरोवर खाऱ्या व गोड्या पाण्याचे मिश्रण असलेले विस्तीर्ण जलाशय आहे.

राज्याचे हवामान उष्ण व दमट आहे. वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,५०० मिमी असून पाऊस बाराही महिने पडतो. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो. १९५७ मधील ऑड्री, २००५ मधील कट्रिना व रिटा, २०२० मधील लॉरा आणि २०२१ मधील आयडा या वादळांनी राज्याची मोठी हानी केली.

त्रिभुज प्रदेशाची निर्मिती

मिसिसिपी नदी आपला मार्ग दर हजार-दीड हजार वर्षांनी बदलत आली आहे. एका मार्गाच्या मुखाशी गाळ साचून तो लांबला की नदी समुद्राकडे जाणारा जवळचा व अधिक उताराचा मार्ग शोधते. अशा प्रकारे तयार झालेले अनेक त्रिभुज प्रदेश मिळून आग्नेय लुईझियाना बनला आहे. प्रवाह सोडून गेलेली जमीन स्वतःच्या भाराने खचत जाते, परंतु दरवर्षीच्या पुराबरोबर येणारा गाळ ही झीज भरून काढत असे.

विसाव्या शतकात नदीचा ओढा अचाफलाया या अधिक उताराच्या शाखेकडे वाढू लागला. मुख्य प्रवाह तिकडे वळला असता तर बॅटन रूज व न्यू ऑर्लिन्स या बंदरांचे महत्त्व संपुष्टात आले असते. हे टाळण्यासाठी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने 'ओल्ड रिव्हर' येथे नियंत्रक बांधकाम उभारले. १९६३ पासून येथून अचाफलायाकडे सुमारे ३० टक्के व मिसिसिपीच्या मुख्य पात्रातून सुमारे ७० टक्के पाणी सोडले जाते.

इतिहास

युरोपीय लोकांच्या आगमनापूर्वी या प्रदेशात चिटिमाशा, हूमा, कॅडो, नॅचेझ, ट्युनिका, चोक्टॉ इत्यादी समाजांची वस्ती होती. ईशान्य लुईझियानातील पॉव्हर्टी पॉइंट येथील मातीची प्रचंड बांधकामे तीन हजार वर्षांहून अधिक जुनी असून २०१४ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांत करण्यात आला.

फ्रेंचांनी १७१४ साली नॅकिटॉश येथे, तर १७१८ साली न्यू ऑर्लिन्स येथे वसाहत स्थापन केली. १७६२ मध्ये मिसिसिपीच्या पश्चिमेचा प्रदेश व न्यू ऑर्लिन्स स्पेनला देण्यात आले आणि १८०० च्या गुप्त तहान्वये ते पुन्हा फ्रान्सकडे आले. हैतीमधील गुलामांच्या क्रांतीमुळे अमेरिका खंडात साम्राज्य उभारण्याचा नेपोलियनचा बेत फसला. १८०३ साली त्याने हा संपूर्ण प्रदेश दीड कोटी डॉलरला अमेरिकेस विकला. 'लुईझियाना खरेदी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहारामुळे अमेरिकेचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झाले.

एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतील उसाची व उत्तरेतील कापसाची शेती गुलामांच्या श्रमावर उभी राहिली. न्यू ऑर्लिन्स ही देशातील सर्वात मोठ्या गुलाम बाजारपेठांपैकी एक होती. १८११ साली शहराच्या वरच्या अंगास झालेला गुलामांचा उठाव निर्दयपणे चिरडण्यात आला. १८६०च्या जनगणनेनुसार राज्यातील ७,०८,००२ रहिवाशांपैकी ३,३१,७२६ जण गुलाम होते. जानेवारी १८६१ मध्ये लुईझियाना संघराज्यातून बाहेर पडले. मात्र एप्रिल १८६२ मध्येच संघराज्याच्या नौदलाने न्यू ऑर्लिन्स ताब्यात घेतले. १८६८ साली राज्य पुन्हा संघराज्यात दाखल झाले.

यादवी युद्धानंतर मिळालेला मताधिकार कृष्णवर्णीयांना फार काळ टिकवता आला नाही. रेल्वेतील वर्णभेदास न्यू ऑर्लिन्सचे रहिवासी होमर प्लेसी यांनी दिलेले आव्हान १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि 'वेगळे पण समान' या तत्त्वाला कायदेशीर मान्यता मिळाली. १८९८च्या राज्यघटनेतील अटींमुळे नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदारांची संख्या १८९६ मधील सुमारे १,३०,००० वरून १९०४ पर्यंत १,३४२ वर आली. १९६० साली न्यू ऑर्लिन्सच्या श्वेतवर्णीयांसाठी असलेल्या शाळेत प्रवेश घेणारी सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही नागरी हक्क चळवळीचे प्रतीक बनली.

१९२७ साली मिसिसिपीला आलेला महापूर हा राज्याच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होता. न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी शहराच्या खालच्या अंगाचा बांध सुरुंग लावून फोडण्यात आला व सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या भागांतील गरीब शेतकरी व शिकाऱ्यांची घरे पाण्याखाली गेली. त्यांना कबूल केलेली भरपाई फारच तुटपुंजी मिळाली. १९२८च्या केंद्रीय पूरनियंत्रण कायद्यान्वये संपूर्ण नदीकाठ उंच व सलग तटबंधांनी बंदिस्त करण्याचे काम सुरू झाले. १९२८ मध्येच गव्हर्नर झालेल्या ह्यूई लाँग यांनी रस्ते, पूल व मोफत पाठ्यपुस्तके या योजनांमुळे ग्रामीण भागात लोकप्रियता मिळवली. त्यांच्या एकाधिकारशाहीवर कठोर टीकाही झाली. १९३५ साली त्यांची हत्या झाली.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रिना चक्रीवादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समधील कालव्यांच्या भिंती व तटबंध अनेक ठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. एक हजाराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शहराची लोकसंख्या २००० मधील ४,८४,६७४ वरून २०१० मध्ये ३,४३,८२९ पर्यंत घसरली. त्यानंतर सुमारे १,४०० कोटी डॉलर खर्चून शहराभोवतीची संरक्षक व्यवस्था नव्याने उभारण्यात आली.

लोकजीवन

२०२०च्या जनगणनेनुसार राज्यात श्वेतवर्णीय सुमारे ५६ टक्के, कृष्णवर्णीय ३१ टक्के व हिस्पॅनिक वंशाचे लोक ७ टक्के आहेत. न्यू ऑर्लिन्स (३,८३,९९७), बॅटन रूज (२,२७,४७०), श्रीव्हपोर्ट (१,८७,५९३), लाफियेट (१,२१,३७४) व लेक चार्ल्स (८४,८७२) ही प्रमुख शहरे आहेत. २०२० नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या लोकसंख्येत घट झाली.

आजच्या कॅनडातील अकेडिया प्रदेशातून ब्रिटिशांनी १७५५ पासून हाकलून दिलेले फ्रेंच भाषक दक्षिण लुईझियानात स्थायिक झाले. त्यांचे वंशज 'केजन' या नावाने ओळखले जातात. वसाहतकाळात येथेच जन्मलेल्या फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी व मिश्र वंशाच्या लोकांना 'क्रिओल' म्हटले जाते. कॅनरी बेटांवरून आलेले स्पॅनिश भाषक, जर्मन शेतकरी, १८०९ च्या सुमारास क्यूबामार्गे आलेले हैतीतील निर्वासित आणि १९७५ नंतर आलेले व्हिएतनामी लोक यांनीही येथील समाजात भर घातली. व्हिएतनामी कुटुंबांपैकी अनेकांनी आखातातील कोळंबीच्या मासेमारीत जम बसवला. चिटिमाशा, कुशाटा, ट्युनिका-बिलॉक्सी व जेना चोक्टॉ या चार आदिवासी समाजांना केंद्र सरकारची मान्यता आहे.

दक्षिण लुईझियानात रोमन कॅथलिक, तर उत्तरेत बाप्टिस्ट व इतर प्रोटेस्टंट पंथांचे प्राबल्य आहे. १९२१च्या राज्यघटनेने शाळांमध्ये केवळ इंग्लिश माध्यम सक्तीचे केले. शाळेत फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे व त्यामुळे एक-दोन पिढ्यांतच घरातील भाषा बदलली. १९६८ साली फ्रेंचच्या संवर्धनासाठी राज्याने स्वतंत्र मंडळ स्थापन केले असून काही शाळांतून आता फ्रेंच माध्यमात शिक्षण दिले जाते.

जॅझ संगीताचा उगम न्यू ऑर्लिन्समध्ये झाला. वसाहतकाळापासून कृष्णवर्णीय लोक रविवारी जेथे वादन-नृत्यासाठी जमत, तो काँगो चौक त्याच्या पूर्वपरंपरेतील महत्त्वाचे स्थान मानला जातो. लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९०१ साली याच शहरात झाला. ग्रामीण भागात केजन संगीत व क्रिओल लोकांचे झायडेको संगीत लोकप्रिय आहे. ख्रिस्ती उपवासकाळाच्या आदल्या दिवशी साजरा होणारा मार्डी ग्रा हा राज्यातील सर्वात मोठा उत्सव होय. गंबो, जांबलाया व उकडलेले क्रॉफिश हे येथील प्रसिद्ध खाद्यपदार्थ आहेत.

अर्थव्यवस्था

राज्यातील पहिली व्यावसायिक तेलविहीर १९०१ साली जेनिंग्ज शहराजवळ खोदण्यात आली. १९४७ साली जमीन दृष्टिआड होईल इतक्या अंतरावर आखातात पहिली तेलविहीर यशस्वी झाली व समुद्रातील तेल उत्खननाचे युग सुरू झाले. आज बॅटन रूज, लेक चार्ल्स व न्यू ऑर्लिन्स परिसरात मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. इराथ गावाजवळील 'हेन्री हब' येथील दर हा अमेरिकेतील नैसर्गिक वायूच्या किमतीचा आधार मानला जातो. २०१६ पासून सबीन पास येथून द्रवरूप नैसर्गिक वायूची निर्यात सुरू झाली असून देशाच्या या निर्यातीतील निम्म्याहून अधिक वाटा लुईझियानाचा आहे. तेलावरील अवलंबित्वामुळे किमतींतील चढउतारांचा राज्याला वारंवार फटका बसतो. १९८०च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर येथे मोठी बेरोजगारी पसरली होती.

बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या नदीकाठच्या पट्ट्यात सुमारे दीडशे रासायनिक व तेलशुद्धीकरण प्रकल्प आहेत. स्वस्त वायू व समुद्रगामी जहाजांना पुरेशी नदीची खोली यांमुळे हे उद्योग येथे आले. त्यांतील अनेक प्रकल्प पूर्वीच्या ऊसमळ्यांच्या जमिनीवर उभे असून, त्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज शेजारच्या गावांत राहतात. हवेतील विषारी द्रव्यांमुळे कर्करोगाचा धोका वाढल्याच्या तक्रारींवरून हा पट्टा 'कॅन्सर ॲली' म्हणून ओळखला जातो. उद्योगसंस्था हे नाव अन्यायकारक मानतात. स्थानिक संघटनांनी मात्र नव्या प्रकल्पांविरुद्ध न्यायालयीन लढे दिले आहेत.

नदीकाठाने सुमारे ८७ किमी पसरलेले साउथ लुईझियाना हे बंदर मालाच्या वजनाच्या दृष्टीने देशातील सर्वात मोठ्या बंदरांपैकी एक आहे. मध्य-पश्चिम अमेरिकेतील मका, सोयाबीन व गहू पडावांतून नदीमार्गे येथे येतात व जहाजांत भरून परदेशी जातात.

ऊस, भात, सोयाबीन, कापूस व रताळी ही प्रमुख पिके आहेत. नैऋत्य भागातील शेतकरी भाताच्या खाचरांतच क्रॉफिश या गोड्या पाण्यातील कवचधारी प्राण्याचे उत्पादन घेतात. न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेले कृष्णवर्णीय अभियंता नॉर्बर्ट रिलियो यांनी १८४०च्या दशकात उसाचा रस आटवण्याच्या नव्या यंत्रणेचे पेटंट घेतले. एका भांड्यातील वाफेची उष्णता पुढील भांड्यासाठी वापरणारी ही पद्धत आज महाराष्ट्रातील साखर कारखान्यांसह जगभर वापरली जाते.

कोळंबी, खेकडे, ऑईस्टर शिंपले व मेनहेडन मासे यांच्या उत्पादनात लुईझियाना देशात आघाडीवर आहे. यांतील बहुतेक जीव आयुष्याचा काही काळ किनाऱ्यावरील पाणथळ प्रदेशात वाढतात. त्यामुळे तो प्रदेश नष्ट होणे हा मासेमारीलाही धोका ठरतो. लाकूडतोड, जहाजबांधणी, चित्रपटनिर्मिती व पर्यटन हे इतर व्यवसाय आहेत. नैसर्गिक साधनसंपत्ती विपुल असूनही लुईझियाना अमेरिकेतील सर्वाधिक दारिद्र्य असलेल्या राज्यांपैकी एक आहे.

किनाऱ्याची झीज

लुईझियानाच्या किनाऱ्याची झीज अनेक कारणांनी होत आहे. तटबंधांमुळे पुराचे पाणी काठावर पसरत नाही व त्यातील गाळ थेट खोल समुद्रात जातो. वरच्या अंगाच्या धरणांमुळे, विशेषतः मिझूरी नदीवरील धरणांमुळे, मुळात येणारा गाळही पूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आला आहे. तेल-वायू कंपन्यांनी वाहतूक व वाहिन्यांसाठी दलदलीत हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खोदले. त्यांतून खारे पाणी आत शिरून गोड्या पाण्यातील वनस्पती मरतात आणि मुळांनी धरून ठेवलेली माती सुटते. दक्षिण अमेरिकेतून आणलेला न्यूट्रिया हा कृंतक प्राणी वनस्पती मुळांसकट खातो. जमिनीचे नैसर्गिक खचणे, चक्रीवादळे व समुद्राची वाढती पातळी यांमुळे हा वेग वाढतो.

२० एप्रिल २०१० रोजी किनाऱ्यापासून दूर असलेल्या 'डीपवॉटर होरायझन' या तेलमंचावर स्फोट होऊन ११ कामगार मरण पावले. त्यानंतर ८७ दिवस आखातात तेल वाहत राहिले व पाणथळ प्रदेशाच्या काठांवर त्याचे थर साचले. या दुर्घटनेच्या भरपाईतून राज्याच्या किनारा पुनर्बांधणीस मोठा निधी मिळाला.

कट्रिनानंतर राज्याने किनारा संरक्षण व पुनर्बांधणी प्राधिकरण स्थापन करून पन्नास वर्षांचा बृहद् आराखडा तयार केला. त्यानुसार पाण्यातील गाळ उपसून नवी पाणथळ जमीन व वाळूची बेटे तयार केली जातात. नदीचे गाळयुक्त पाणी तटबंधातील दरवाजांतून बाराटारिया उपसागराकडे सोडण्याचा सुमारे ३०० कोटी डॉलरचा प्रकल्प २०२३ साली सुरू झाला. गोड्या पाण्यामुळे ऑईस्टर व कोळंबीचे उत्पादन बुडेल, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. हा प्रकल्प न झाल्यास उपसागराभोवतीची जमीनच उरणार नाही, असे समर्थकांचे मत होते. वाढता खर्च व विरोध यांमुळे राज्य सरकारने २०२५ साली तो रद्द केला.

टेरेबोन पॅरिशमधील जाँ शार्ल बेटाची १९५५ नंतर सुमारे ९८ टक्के जमीन नष्ट झाली. तेथील प्रामुख्याने आदिवासी रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी २०१६ साली ४.८ कोटी डॉलरचा केंद्रीय निधी मंजूर झाला व २०२२ पासून कुटुंबे उत्तरेकडील नव्या वसाहतीत राहू लागली. याउलट अचाफलायाच्या मुखाशी व १९४०च्या दशकात खोदलेल्या वॅक्स लेक कालव्याच्या तोंडाशी नवा त्रिभुज प्रदेश वाढत आहे. गाळाला वाट मिळाल्यास जमीन पुन्हा तयार होते, याचे उदाहरण म्हणून अभ्यासक या ठिकाणाकडे पाहतात.

शासन

लुईझियाना राज्य ६४ पॅरिशांमध्ये विभागलेले आहे. इतर बहुतेक राज्यांतील 'काउंटी' या विभागास येथे कॅथलिक चर्चच्या जुन्या विभागणीवरून 'पॅरिश' म्हणतात. राज्याचा दिवाणी कायदा इंग्लिश परंपरेऐवजी फ्रेंच व स्पॅनिश संहितांवर आधारलेला आहे. अमेरिकन काँग्रेसमध्ये राज्याचे २ सेनेटर व ६ प्रतिनिधी असतात. पंजाबमधून आलेल्या दाम्पत्याच्या पोटी बॅटन रूज येथे जन्मलेले बॉबी जिंदाल २००८ ते २०१६ या काळात गव्हर्नर होते. अमेरिकेतील राज्याचे गव्हर्नरपद भूषवणारे ते भारतीय वंशाचे पहिले व्यक्ती होत.

शिक्षण व वाहतूक

बॅटन रूज येथील लुईझियाना राज्य विद्यापीठ व सदर्न विद्यापीठ तसेच न्यू ऑर्लिन्स येथील टुलेन व झेवियर विद्यापीठ या प्रमुख शिक्षणसंस्था आहेत. सदर्न व झेवियर ही कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली विद्यापीठे आहेत. आंतरराज्य महामार्ग १० दक्षिण भागातून पूर्व-पश्चिम जातो, तर महामार्ग २० उत्तर भागातून जातो. पॉन्चरट्रेन सरोवरावरील सुमारे ३८ किमी लांबीचा पूल १९५६ साली खुला झाला. पाण्यावरील सलग लांबीच्या दृष्टीने तो जगातील सर्वात लांब पूल मानला जातो.

राज्यचिन्हे

तपकिरी पेलिकन हा लुईझियानाचा राज्यपक्षी असून पिल्लांना भरवणारी पेलिकन मादी राज्याच्या ध्वजावर आहे. कीटकनाशकांमुळे १९६०च्या दशकाच्या प्रारंभी हा पक्षी राज्यातून नाहीसा झाला होता. १९६८ पासून फ्लोरिडातील पिल्ले आणून येथे सोडण्यात आली व डीडीटीवरील बंदीनंतर त्याची संख्या वाढली. २००९ साली धोक्यातील प्रजातींच्या केंद्रीय यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. किनाऱ्याजवळील लहान बेटांवर हा पक्षी घरटी बांधतो. त्यांपैकी काही बेटे धुपून गेल्याने राज्य सरकारने गाळ टाकून ती पुन्हा उभी केली आहेत.